मोगरा गेला, चहा आला

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काही माहितीपर लिहून द्या" असा निरोप संपादिकाबाईंकडून आला, तेव्हा विषयासाठी मला दूर जावे लागले नाही. गेले काही महिने मी एका चुकीचे प्रायश्चित्त घेत होते. तीच हकीकत येथे सांगते.

माझी भाची नोकरीनिमित्त चीनमध्ये शांघायला असते. मागल्या दिवाळीस ती आली तेव्हा तिने मला चहाचा एक लहानसा पत्र्याचा डबा दिला. आत मिऱ्यांहून थोड्या मोठ्या, हिरवट-करड्या रंगाच्या गोळ्या होत्या. वास मात्र असा की, झाकण काढताच कोणी मोगऱ्याची ओंजळ पुढे धरली असे वाटावे. भाची परत गेल्यावर एके दिवशी मी त्या गोळ्या पातेल्यात टाकल्या, आले ठेचून घातले, साखर घातली, खळखळून उकळी आणली आणि वर दूध ओतले. जे काही तयार झाले ते आमच्या घरात कोणी दोन घोटांपलीकडे प्याले नाही. अखेर ते मोरीत ओतावे लागले. फोनवर भाचीला हे सांगितले तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, "अगं मावशी, त्या चहासाठी कुणीतरी पाच-सहा रात्री जागवल्या होत्या!"

तिचे ते बोलणे मला लागले. चहा वाया गेला याचे एवढे नाही. पण जो पदार्थ आपल्या घरात रोज दोन वेळा होतो त्याविषयी आपण इतक्या अनभिज्ञ असावे, याची खंत वाटली. मग हाती लागली ती पुस्तके वाचली, भाचीला प्रश्न विचारून भंडावले आणि त्यातून जे कळले ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट फुलाची. इंग्रजीत याला जास्मिनचा चहा म्हणतात, त्यामुळे आपल्याला जाई किंवा चमेली आठवते. वस्तुतः ते फूल आहे आपला मोगरा. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव जास्मिनम सांबॅक. चैत्रात आपण ज्याचे गजरे माळतो, उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याच्या माठात ज्याची चार फुले सोडतो, तेच हे फूल. मोगरा मूळचा चीनमधला नव्हे, तो आपल्या बाजूने तिकडे गेलेला पाहुणा आहे. चिनी भाषेत त्याला 'मोली' म्हणतात. हा शब्द दोन-तीनदा मोठ्याने उच्चारून पाहावा आणि मग कानडी भगिनींची 'मल्लिगे', तमिळ भगिनींची 'मल्ली' आणि संस्कृतातली 'मल्लिका' आठवावी. भाषापंडितही 'मोली'चा संबंध मल्लिकेशीच जोडतात. फूल गेले, ते आपले नावही बरोबर घेऊन गेले.

ची हान नावाच्या ग्रंथकाराच्या नावावर असलेला, दक्षिण चीनमधील झाडाझुडपांची माहिती देणारा एक जुना चिनी ग्रंथ आहे. तो सन ३०४ मधला मानतात. काही विद्वान त्याला बराच उत्तरकालीन समजतात. परदेशी लोकांनी हे झाड पश्चिमेकडील देशांतून आणून दक्षिणेच्या किनाऱ्यावर लावले आणि तेथील लोकांना त्याच्या वासाची भुरळ पडून जो तो ते लावू लागला, असे त्यात सांगितले आहे. त्याच ठिकाणी असाही उल्लेख आहे की, तिकडच्या स्त्रिया रंगीत रेशमी दोऱ्यात ही फुले ओवून केसांत घालीत. म्हणजे गजराच की! हे वाचताना मला फार आनंद झाला. चहाशी या फुलाची गाठ पडली ती मागाहून. आधी ते चिनी बायकांच्या वेणीत जाऊन बसले होते.

फुलाचे नाव इकडून तिकडे गेले, तसे पानाचे नाव तिकडून इकडे आले. आपला 'चहा', हिंदीतली 'चाय', पोर्तुगीजांचा 'चा' ही सारी चिनी 'छा' या शब्दाची लेकरे. इंग्रजांचा 'टी' मात्र फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या 'ते' या बोलीतल्या उच्चारावरून आला. हा फूच्येन प्रांत ध्यानात ठेवावा, कारण आपल्या गोष्टीचे माहेर तेच आहे. त्याची राजधानी फूचौ हे मिन नदीकाठचे शहर. येथे डोंगरउतारावर चहा होतो आणि नदीकाठच्या उबदार रेताड जमिनीत मोगरा फुलतो. दोघांची भेट होण्यास याहून सोयीची जागा कोणती?

पण ही भेट सर्वांना पसंत नव्हती. सुंग घराण्याच्या काळी त्साय श्यांग नावाचा एक विद्वान अधिकारी होऊन गेला. हा फूच्येनचाच राहणारा, आणि फूचौचा कारभारही त्याने पाहिला होता. सुमारे १०५० साली त्याने चहावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्या काळी चहाची पाने वाफवून, कुटून त्यांच्या वड्या करीत. बादशहाकडे जाणाऱ्या वड्यांत वासासाठी थोडा कापूर घालण्याची चाल होती. आपण ज्याला भीमसेनी कापूर म्हणतो त्याच जातीचा तो. त्साय श्यांग म्हणतो की, जेथे चहा पिकतो तेथील जाणती माणसे असे काही मिसळीत नाहीत, कारण त्याने चहाचा स्वतःचा वास मारला जातो. चहाला परका वास द्यावा की नाही, हा वाद असा हजार वर्षांचा आहे. आजही शुद्ध हिरव्या चहाचे काही भोक्ते मोगऱ्याच्या चहाकडे पाहून नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. निकृष्ट पानाचा दोष झाकण्यासाठी फुलांचा उपयोग पूर्वीही होत असे आणि आजही होतो. चांगल्या पानाला चांगल्या फुलाची जोड देणे ही निराळी गोष्ट होय.

दक्षिण सुंग काळात, म्हणजे ११२७ ते १२७९ या दरम्यान, मोगऱ्याने चहा सुवासिक करण्याचे उल्लेख येऊ लागतात. पुढे १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने वड्यांचा चहा नजराणा म्हणून घेणे बंद केले, कारण त्या घडविण्यात प्रजेचे श्रम फार खर्ची पडत. तेव्हापासून सुट्या पानांचा चहा रूढ झाला, आणि सुटे पान फुलांत मिसळणे सोपे झाले. १५४१ च्या सुमारास गू युआनछिंग याने सिद्ध केलेल्या एका ग्रंथात तर चक्क कृतीच दिली आहे. तीन भाग चहास एक भाग फुले घ्यावीत, चिनी मातीच्या बरणीत चहाचा एक थर व फुलांचा एक थर असे रचावे, तोंड बांधून बरणी पाण्याच्या भांड्यात ठेवून उकळावी, निवल्यावर चहा काढून कागदात बांधून निखाऱ्यावर सुकवावा. मोगरा, गुलाब, संत्र्याची फुले, कमळ अशी अनेक फुले त्यात सांगितली आहेत. आपल्याकडे तिळाचे थर आणि फुलांचे थर आलटून पालटून ठेवून, ते तीळ वासाने भरले म्हणजे त्यांचे सुवासिक तेल काढीत. जात तीच, फक्त तिळाच्या जागी चहा.

हे झाले हौसेचे काम. त्याचा मोठा धंदा झाला तो छिंग घराण्याच्या श्यानफंग बादशहाच्या कारकिर्दीत, १८५१ ते १८६१ या काळात, आणि तो फूचौ शहरी. उत्तरेकडील व्यापारी आपला चहा फूचौला पाठवीत आणि तेथे मोगऱ्याचा वास देऊन तो परत पेकिंग (आताचे बीजिंग) व तिएनत्सिनच्या बाजारी नेत. पेकिंगच्या विहिरींचे पाणी जड आणि खारट. त्यात हा वासाचा चहा बरा लागे, असे सांगतात. आजही बीजिंगच्या जुन्या घरांत चहा म्हणजे मोगऱ्याचाच. फूचौचे बंदर परदेशी व्यापारास उघडले गेले ते १८४२ च्या नानकिंग तहान्वये, आणि तो तह झाला अफूच्या युद्धानंतर. त्या अफूपैकी माळव्याची पुष्कळशी अफू आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जात होती, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मोगरा देऊन चहा घेतला, एवढीच आपली आणि चीनची देवघेव नाही.

रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश माळी, ज्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे हिमालयात आणली, त्याने कँटन येथे चहाला वास देण्याची रीत पाहून १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहून ठेवली. शंभर पौंड चहास मोगऱ्याची पन्नास पौंड फुले लागत, असा त्याचा हिशेब आहे.

आता या कामातील रात्रीच्या जागरणाविषयी. फुलाफुलांत भेद असतो. बकुळ सुकली तरी वास सोडीत नाही. आजीच्या पेटीत वर्षानुवर्षे राहिलेली बकुळीची माळ आपल्यापैकी अनेकींनी हुंगली असेल. मोगऱ्याचे तसे नाही. तो उमलताना वास देतो आणि कोमेजला की त्याच्याजवळ काही उरत नाही. म्हणून चहाला वास द्यावयाचा तो जिवंत, उमलत्या फुलानेच. चहाची पाने खुडतात वसंतात, म्हणजे आपल्या चैत्राच्या सुमारास; पण मोगऱ्याचा उत्तम बहर तिकडे ऐन उन्हाळ्यात, आपल्या आषाढ-श्रावणात. तोवर हिरवा चहा तयार करून कोरडा जपून ठेवतात. नवरी मंडपात येऊन बसली आहे आणि वराची वाट पाहणे चालू आहे, असा हा प्रकार!

कळ्या दुपारी खुडतात. त्या रात्री उमलणारी कळी दुपारपर्यंत टपोरी आणि पांढरीशुभ्र झालेली असते. सकाळी खुडली तर ती कच्ची, आणि रात्री खुडावी तर वास उडून चाललेला. संध्याकाळी कळ्या कारखान्यात आणून पसरतात, ढीग करतात, पुन्हा पसरतात. रात्री आठ-नऊच्या सुमारास त्या उमलू लागल्या की चाळून, कोरड्या चहात मिसळून त्यांचे ढीग लावतात. चहाचे पान दुसऱ्याचा वास ओढून घेण्यात पटाईत. हिंगाच्या डबीशेजारी चहाचा डबा ठेवू नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ढिगात फुले श्वास सोडतात, त्यामुळे ढीग तापतो. फार तापला तर फुले मरतात आणि चहाला आंबूस वास लागतो. म्हणून चार-पाच तासांनी ढीग मोडून, निववून पुन्हा लावावा लागतो. यासाठी रात्रभर जागे राहून ढिगात हात घालून ऊब पाहावी लागते. पहाटेनंतर फुले चाळून बाजूला काढतात आणि दमट झालेला चहा मंद आचेवर सुकवितात. हे एक आवर्तन झाले. नंतर पुन्हा ताजी फुले, पुन्हा रात्र, पुन्हा चाळण. साध्या चहाला अशी एक-दोन आवर्तने, चांगल्याला पाच-सात, अगदी उंची चहाला नऊपर्यंत देतात. शेवटी थोडीशी निवडक फुले देऊन, न भाजताच, हा सोहळा पुरा करतात.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात घ्यावी. पुडीत फुलांच्या पाकळ्या पुष्कळ दिसल्या म्हणजे चहा उत्तम, असे नव्हे. त्या सुकल्या पाकळ्यांत वास उरलेलाच नसतो, त्या शोभेपुरत्या. उंची चहात फूल सहसा दिसत नाही, नुसता वास येतो.

हा चहा करण्याची रीत अगदी सोपी आहे. माझी चूक झाली ती उकळण्यात. उकळत्या पाण्याने हिरव्या पानातील कडू-तुरट द्रव्ये भराभर उतरतात आणि दुधाने उरलासुरला नाजूक वासही झाकला जातो. पाणी सुमारे ८० ते ८५ अंश तापलेले हवे. घरात उष्णतामापक नसेल तर तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे, पिण्याचे पाणी मिसळावे, काम होते. एका कपाला दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चमचा चहा घ्यावा. चिनी लोक यासाठी झाकण, वाटी आणि बशी असा तीन भागांचा पेला वापरतात. आपण काचेच्या किंवा चिनी मातीच्या कपावर बशी उपडी घातली तरी चालते, पण झाकण हवेच, कारण वास हेच यातले धन. दोन ते तीन मिनिटांनी झाकण काढून आधी त्याच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा आणि मग चहा गाळून प्यावा. साखर नाही, दूध नाही, आले नाही. पाने टाकून देऊ नयेत. त्यांवर आणखी दोन वेळा पाणी घालावे, दर वेळी थोडा अधिक वेळ ठेवावे. दुसरा कप पहिल्याहून गोड लागतो, असा माझा अनुभव आहे. डबा घट्ट बंद आणि मसाल्यांपासून दूर ठेवावा.

हे सारे वाचून झाल्यावर माझ्या मनात एक प्रश्न राहिला. बादशहांची नावे कळली, ग्रंथकारांची कळली, व्यापाऱ्यांची पेढीवार कळतात. परंतु उन्हातान्हात कळ्या खुडणारी कोण? आज चीनमधला बहुतेक मोगरा फूचौला नव्हे, तर ग्वांगशी प्रांतातील हेंगचौ येथे होतो. तेथल्या मळ्यांची चित्रे भाचीने पाठविली. रुंद टोप्या घातलेल्या, भर दुपारी वाकून दोन्ही हातांनी कळ्या तोडणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. एका किलोला हजारोंनी कळ्या लागतात. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने फूचौच्या मोगरा-चहाच्या शेतीला जागतिक कृषिवारशात स्थान दिले आणि २०२२ साली युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहा-कारागिरीला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. हा मान योग्यच आहे. पण मानपत्र कलेला मिळाले. कळ्या खुडणाऱ्या हातांची नावे त्यावर नसतात.

शोधता शोधता एकच नाव मिळाले, तेही मोगऱ्याचे नव्हे तर कमळाचे. सूचौ शहरी शन फू नावाचा एक सामान्य कारकून राहत असे. त्याची पत्नी छन युन. उन्हाळ्यात कमळे संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उमलतात. युन संध्याकाळी चिमूटभर चहा झिरझिरीत कापडाच्या पुरचुंडीत बांधून मिटत्या कमळात ठेवी आणि सकाळी काढून त्याचा चहा करी. हातात पैसा नसलेल्या संसारातली ही तिची श्रीमंती. १८०३ साली ती वारली. त्यानंतर काही वर्षांनी नवऱ्याने आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यांत हेही लिहिले. ते पुस्तक छापले गेले १८७७ साली. त्याने लिहिले म्हणून आपल्याला युन ठाऊक झाली. न लिहिलेल्या अशा किती जणी असतील!

हे मनात घोळत असतानाच, या स्मरणिकेच्या कामासाठी आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षाची हकीकतवही चाळण्याचा योग आला. अक्षर सुरेख, जमाखर्च पैशापर्यंत चोख. परंतु वर्गणीदार भगिनींची नावे पाहावीत तर 'सौ.' आणि पुढे नवऱ्याची आद्याक्षरे व आडनाव. एके ठिकाणी पुराच्या वेळी चारशे माणसांच्या भाकऱ्या भाजल्याचा उल्लेख आहे. तेथे नाव अध्यक्षांचे, चिटणीसांचे आणि पुढे "इतर भगिनींनी साहाय्य केले." चारशे माणसांच्या भाकऱ्या या 'इतर' भगिनींनीच भाजल्या असणार. मी मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींकडे जाऊन बसले. आठवून आठवून त्यांनी अकरा जणींची स्वतःची नावे सांगितली, ती या स्मरणिकेत अन्यत्र छापली आहेत. तिघींची नावे कोणालाच आठवेनात. एक हसतमुख होती, एकीच्या हातच्या भाकऱ्या फार पातळ होत, एक लवकरच बदलीच्या गावी गेली, एवढेच.

आपला वास देऊन फुलाने बाजूला व्हावे आणि त्याची आठवणही राहू नये, हे फुलाला शोभते. माणसाच्या बाबतीत मी तो धर्म मानायला तयार नाही.

येत्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे असेलच. शिवाय ज्यांना चव पाहावयाची असेल त्यांच्यासाठी मी मोगऱ्याचा चहा करणार आहे. भाचीने नवा डबा पाठविला आहे आणि या खेपेस मी तो उकळणार नाही. दाराशी मंडळाची नवी वही ठेवलेली असेल. चहा घेण्याआधी प्रत्येकीने तीत आपले नाव लिहावे. स्वतःचे नाव, पूर्ण, आणि आपण मंडळासाठी काय काम केले तेही. आणि त्या तिघींपैकी कोणाचे नाव कोणाला आठवले, तर तेवढे आधी लिहावे.